हिरवा जातो, लाल येतो

बुधवार, ६ नोव्हेंबर

पोहोचले एकदाची. सोलापूरहून निघालेली एसटी मिरजेच्या पुढे उसाच्या ट्रॉल्यांमागे अशी रांगत आली की मी मधूनमधून उठून ड्रायव्हरच्या केबिनपाशी जाऊन उभी राहत होते, जणू माझ्या उभं राहण्याने गाडी पळणार होती. कंडक्टरने शेवटी विचारलं की बाई, तुमचं तिकीट बसण्याचं आहे की उभं राहण्याचं. मला स्वस्थ बसता येत नाही. शाळेत बाई मला दाराजवळ बसवायच्या, म्हणजे मी चुळबुळ केली तरी बाकीच्यांचं लक्ष जाऊ नये. बाबा अजूनही फोनवर आधी "बस गं जरा" म्हणतात आणि मग बोलायला लागतात. फोनवरून त्यांना कसं कळतं कोण जाणे, पण मी खरंच येरझाऱ्या घालत असते.

नवी नोकरी, नवं गाव, आणि बाबांनी दिवाळीत दिलेली ही नवी वही. प्रयोगाच्या वहीत तू नुसते आकडे लिहितेस, कधी माणसासारखं काही लिहीत जा, असं त्यांचं म्हणणं. घ्या, लिहिते.

खोली झकास आहे. मंगळवार पेठेतल्या एका बोळात, विठाबाईंच्या घराचा वरचा मजला. विठाबाई कांदा-लसूण चटणी करून विकतात, त्यामुळे जिन्यात पाऊल ठेवताच मला ओळीने शिंका आल्या. त्या म्हणाल्या की हळूहळू सवय होईल, आणि नाही झाली तर नाक बदलून घ्या. मग त्यांनी वय विचारलं, पगार विचारला, लग्नाचं विचारलं, गाव विचारलं. आडनाव ऐकून क्षणभर थांबल्या आणि ज्या कपबशीतून त्या स्वतः पीत होत्या तसल्याच दुसऱ्या कपबशीतून मला चहा दिला. मी ते बघितलं. मी बघितल्याचं त्यांनी बघितलं. मग दोघीही हसलो आणि विषय सोलापूरच्या उन्हाकडे गेला.

बाबांना पोहोचल्याचं कळवलं. त्यांनी विचारलं, पाणी कसं आहे तिथलं. पहिला प्रश्न पाण्याचाच असतो त्यांचा.

शुक्रवार, ८ नोव्हेंबर

आमची कंपनी म्हणजे उद्यमनगरातली एक शेड. मालक राजवर्धन कागलचा, माझ्याच वयाचा. मला मॅडम म्हणतो आणि स्वतःला सर म्हणू देत नाही. फार मोठ्याने बोलतो. शेजारच्या शेडमधल्या लेथ मशीनमुळे सवय लागली असं सांगतो, पण लेथ बंद असतानाही आवाज तेवढाच असतो. मला तो आवडला. त्याच्याजवळ कुणाला कंटाळा येणार नाही.

काम काय करतेस असं बाबा पुन्हा विचारत होते. आज पहिल्यांदा मला ते नीट सांगता आलं, म्हणून इथे लिहून ठेवते. केसासारखी बारीक काचेची तार. एका टोकाला पेटी, पेटीत हिरवा लेझर. दुसरं टोक पाण्यात. त्या टोकाचं आवरण सोलून तिथे एक लेप देतो, आणि त्या लेपाला जगात एकच गोष्ट ओळखता येते. पाण्यात ती गोष्ट असली तर ती येऊन लेपाला चिकटते, आणि मग हिरवा उजेड पडला की ते टोक लाल चमकतं. तो लाल उजेड त्याच तारेतून उलटा वर येतो. पेटीतली काच हिरवा अडवते आणि लाल तेवढा मोजते. हिरवा जातो, लाल येतो. लेझर बंद केला की लालही त्याच क्षणी जातो. त्याला स्वतःचा उजेड नाही. बाबा म्हणाले, म्हणजे आपण पाण्याला हाक मारायची आणि पाण्याने ओ द्यायची. मी म्हटलं, अगदी तसंच.

आमचा लेप माणूस ओळखतो. माणसाच्या रक्तात, थुंकीत, घामात, मैल्यात एक प्रथिन असतं, ते गुराढोरांत नसतं. विहिरीच्या पाण्याला वास यायला लागला की गावात भांडण जुंपतं, घाण गोठ्यातली की नव्या प्लॉटांवरच्या संडासांची. ते भांडण आमची तार सोडवणार.

दुपारी पहिली विहीर बघून आलो. कळंब्याचा तुरुंग मागे टाकून उसातून आत गेलं की गणपतरावांचं रान लागतं. विहीर दगडी, एका अंगाने पायऱ्या थेट पाण्यापर्यंत. दिवाळीच्या तोंडावर त्यांनी सगळा गाळ काढून घेतलाय, तरी पाणी पुरतं निवळलेलं नाही. गणपतरावांच्या म्हशी आहेत आणि गावभर त्यांच्यावरच आळ आहे, म्हणून ते चिडलेले. म्हणाले, "बाई, माझ्या म्हशीस्नी निर्दोष सोडवा, तुमास्नी खरवस खाऊ घालतो."

रात्री बाबांना विहिरीचे फोटो पाठवले. मग त्यांनी लिहिलं की आम्हाला काठावर उभं राहून वाट बघायला लागायची, कुणी वरून ओतलं तर ओंजळीत घ्यायचं, आणि आज माझी पोरगी विहिरीत उजेड सोडते. मला रडू आलं, उगाच. मग उठून खोलीभर फिरले.

मंगळवार, १२ नोव्हेंबर

आज तार सोडली. पण सकाळ वैतागाची गेली. टोक काम करतंय की नाही हे तपासायला माणसाच्या प्रथिनाचा नमुना हैदराबादहून बर्फाच्या डब्यातून यायचा होता. दिवाळीच्या सुट्टीत डबा कुठेतरी पडून राहिला, आणि आज उघडला तर आत कोमट पाणी. नमुना वाया. लेप दिलेली टोकं आमच्याकडे दोनच. राजवर्धन म्हणाला आठवडाभर थांबू. आठवडाभर थांबणं मला कसं जमणार?

मी सुई घेतली आणि बोटाला टोचली. पेल्यात बाटलीतलं पाणी, त्यात माझ्या रक्ताचा थेंब, त्यात टोक. लॅपटॉपवर लाल उजेड मोजणारी रेघ सरसर चढली. राजवर्धनने टाळ्या पिटल्या. खरं तर रक्त लागलेलं टोक पुन्हा वापरत नाहीत, तसा शिरस्ता आहे. पण दुसरं टोक अडीअडचणीला राखून ठेवायचं होतं. मी ते पुन्हा पुन्हा धुतलं, रेघ तळाला आली, आणि तेच तारेच्या संरक्षक नळीत बसवलं.

विहिरीवर गणपतराव जरा घुटमळले. गाळ काढल्यावर विहिरीची ओटी भरायची असते म्हणे, खण, नारळ, तांदूळ. त्याआधी आत काही सोडत नाहीत. पण त्यांच्या घरातून, म्हणजे बायको धोंडुबाई, लेकीच्या बाळंतपणाला कागलला गेल्यात. मी विचारलं, मग थांबू का? ते म्हणाले, "आता कोण थांबतंय? सोडा की, मागनं भरू." राजवर्धनने विचारलं की आधी सोडलं तर काय होतं. गणपतरावांनी जरा आठवून सांगितलं की त्यांची आई म्हणायची, पहिलं जे पडेल ते विहीर आपलं म्हणून ठेवते. आणि लगेच स्वतःच हसले.

नळी मीच सोडली, दोराला बांधून, माझ्या हाताने. पाण्याला लागली तेव्हा बारीकसा आवाज आला. पेटी पंपाच्या खोलीत ठेवली आहे. रेघ मोबाइलवरही दिसते. येताना सारखी तीच बघत होते.

गुरुवार, १४ नोव्हेंबर

लाल आला! पहाटेपासून रेघ चढतेय. म्हणजे घाण माणसांची, म्हशी निर्दोष. गणपतरावांनी खरवस पाठवला, एवढा की विठाबाईंनी तो अर्ध्या बोळाला वाटला. राजवर्धन एवढ्या मोठ्याने आनंदला की लेथवाला बघायला आला.

एक गोष्ट खटकते. मैला झिरपून येतो तेव्हा पाण्याचा बाकीचाही ताळमेळ बिघडतो. आम्ही पाणी वेगळं तपासायला दिलं, त्यात मैल्याचे जंतू जवळजवळ नाहीतच. माणूस आहे, पण माणसाची घाण नाही. राजवर्धन म्हणतो, तपासणारे झोपलेत.

रविवार, १७ नोव्हेंबर

एक डिसेंबरला प्रात्यक्षिक ठरलं. पंचक्रोशीतले शेतकरी, दूध संस्थांची माणसं येणार. राजवर्धनने कार्यक्रमही आखला आहे. आधी माहिती, मग पडद्यावर लाल रेघ, आणि शेवटी जमलेल्यांतल्या सगळ्यात ज्येष्ठ माणसाच्या हातून लेझर बंद करायचा, म्हणजे हिरवा गेला की लाल कसा विझतो ते लोकांना डोळ्यांनी दिसेल. मी म्हटलं, माझ्या बाबांना बोलावते, त्यांच्याएवढं ज्येष्ठ कुणी नसेल. बाबा लगेच तयार. नवा सदरा शिवायला टाकला म्हणे.

रेघ अजून चढतेच आहे. आणि ती थरथरते. सरळ चढत नाही, बारीक बारीक उड्या मारत चढते. विजेचा दोष असेल म्हणून मी तारा बदलल्या, पेटी हलवली. थरथर तशीच. दुपारी बसल्या बसल्या माझा पाय हलत होता आणि मी रेघेकडे बघत होते. मग मी पाय थांबवला.

बुधवार, २० नोव्हेंबर

मतदानाची सुट्टी. राजवर्धन बोटाला शाई लावून आला आणि म्हणाला, चला, आज विहीर उपसून बघू. मनातली शंका दोघांनीही बोलून दाखवली नव्हती. एवढा लाल येतोय म्हणजे आत कुणी पडलं तर नाही.

मोटार दुपारपर्यंत चालली. तळाला चिखल, दोन खेकडे आणि एक जुनी कळशी. गणपतराव स्वतः उतरून काठीने ढोसून आले. काही नाही.

पाणी उतरलं तेव्हा आमची नळी उघडी पडली, कोरड्या दगडाला लागून लोंबत होती. कोरड्या टोकाने लाल दाखवायला नको. मी मोबाइल बघितला. रेघ खाली आली नव्हती. वर गेली होती.

राजवर्धन म्हणाला टोक खराब झालं असेल. मी हो म्हटलं. घरी येताना थंडी वाजत होती, उन्हात.

शुक्रवार, २२ नोव्हेंबर

मला ती थरथर सोडवत नव्हती. आज विठाबाईंकडून करोनाच्या वेळचं बोटाला लावायचं यंत्र मागून घेतलं, नाडीचे ठोके दाखवणारं. डाव्या बोटाला यंत्र, उजव्या हातात मोबाइल, त्यावर विहिरीतली रेघ.

ठोका पडला की रेघ उडते. प्रत्येक ठोक्याला.

जिना चढून उतरले, पुन्हा चढले. ठोके वाढले. रेघेच्या उड्याही वाढल्या. श्वास धरून भिंतीला टेकून उभी राहिले. दोन्ही मंदावले. खाली विठाबाई चटणी कुटत होत्या, त्यांनी ओरडून विचारलं की बाई, जिन्याशी काय वैर आहे का. मी बोटाचं यंत्र काढून ठेवलं.

कळंबा इथून केवढा तरी लांब आहे. माझी नाडी तिथे पोहोचायचं काही कारण नाही. मी भीतीने असं जुळवून बघतेय, असंही असेल.

रविवार, २४ नोव्हेंबर

हैदराबादहून नवी टोकं आणि चांगला नमुना आला. आज शेडमध्ये मी एकेकाचं बोट तपासलं. राजवर्धनचं, शाईसकट. लाल. लेथवाल्याचं. लाल. विठाबाई जेवणाचा डबा घेऊन आल्या होत्या, हसत हसत त्यांनीही बोट बुडवलं. लाल.

मग माझं.

काही नाही. रेघ तळाला, बाटलीतल्या नुसत्या पाण्यासारखी. टोक बदललं. थुंकी घातली. सुई टोचून रक्त घातलं. रक्त निघतं, दिसायला लालच दिसतं, पण टोकाला ते ओळखू येत नाही. याच बोटाने बारा दिवसांपूर्वी रेघ सरसर चढवली होती.

राजवर्धन म्हणाला, लेपाच्या मते तुमी म्हैस हायसा मॅडम. मीही हसले. मग त्याने माझा चेहरा बघितला आणि झोप काढा म्हणाला, प्रात्यक्षिक झालं की सुट्टी घ्या.

मी त्याला नाडीचं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं. ज्या नजरेने ऐकून घेतलं ती मला कळली.

विहिरीत जे वाढतंय ते माझ्यातून कमी होतंय. लिहून बघितलं. लिहिल्यावरही तसंच वाटतं.

मंगळवार, २६ नोव्हेंबर

आज काहीतरी झालं. क्रमाने लिहिते.

सकाळी दूध घेऊन जिना चढत होते. पातेलं दोन्ही हातांत. मधल्या पायरीवर पाय ठेवला, आणि त्याच पायरीवर उभी आहे, पण पातेलं खाली पालथं, दूध वाळलेलं, त्याला मुंग्या. ऊन भिंतीवरून सरकून गेलेलं. मधलं काहीच नाही. चक्कर आली असती तर पडले असते, लागलं असतं.

विठाबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "पातेलं पडल्याचा आवाज आला म्हणून मी लगेच आल्ते की. जिन्यात कुणीच न्हवतं. मला वाटलं मांजरानं पाडलं."

मग मोबाइलवर रेघ बघितली. मधे मोठं भोक आहे. कळंब्याला आज दुरुस्तीसाठी वीज बंद होती. लेझर बंद होता.

त्याला स्वतःचा उजेड नाही. हे मीच बाबांना सांगितलं होतं.

बुधवार, २७ नोव्हेंबर

गणपतरावांचा फोन. आवाज नेहमीसारखा मोठा, पण जरा दुखावलेला. म्हणाले, "काल लाइट गेलती तवा तुमी हिरीवर कवा आलासा? खालच्या पायरीवर बसल्तासा, पाण्यात पाय सोडून. दोनदा हाक मारली, तर नुसतं बघत ऱ्हायलासा. काय चुकलं का आमचं?"

मी विचारलं, मी काय करत होते. काही नाही, म्हणाले. अगदी स्वस्थ बसला होतात.

स्वस्थ.

धावत राजवर्धनकडे गेले. पेटीला बॅटरी लावून घेतली, वीज गेली तरी लेझर जाऊ नये म्हणून. प्रात्यक्षिकात वीज गेली तर पंचाईत, असं कारण सांगितलं. त्याला ते पटलं.

गुरुवार, २८ नोव्हेंबर

विहिरीवर गेले. नळी वर ओढून घ्यायची, टोक फोडून टाकायचं, एवढंच ठरवून.

दोर ओढायला लागले. पहिल्या हातालाच श्वास कमी पडला. दुसऱ्या हाताला छातीत काहीतरी ताणलं, मुळासकट. तिसऱ्यानंतर डोळ्यांपुढे अंधार, आणि दोर हातातून सुटला. नळी परत पाण्यात पडली तेव्हा श्वास आला.

गणपतरावांनी मला धरून बाजूला बसवलं, पाणी दिलं. त्यांना सगळं सांगितलं. ते हसले नाहीत. धोंडुबाईंना फोन लावला, ओटीचं विचारलं. त्यांनी कागलहून सांगितलं की ओटी आता भरून काय उपयोग, विहिरीला तिची मिळाली. हे गणपतरावांनी मला सांगताना खाली बघून सांगितलं.

ज्या विहिरींनी माझ्या बाबांना काठावर उभं केलं, त्यांतली एक आता मला सोडत नाही. मला याचा राग येतोय, फार राग येतोय. राग येतोय तोवर मी आहे.

निघताना वळून पाहिलं. ओली पावलं पायऱ्यांवर. वर येणारी. अर्ध्यापर्यंत.

शुक्रवार, २९ नोव्हेंबर

विठाबाईंनी आज एकाच माणसाचा चहा केला. मी समोर उभी होते. हाक मारल्यावर दचकल्या, म्हणाल्या, अहो, तुम्ही कधी आलात.

रिक्षा थांबत नाहीत.

बाबांना फोन केला. येऊ नका म्हणून सांगितलं. प्रात्यक्षिक रद्द झालं, खोटंच. ते गोंधळले. म्हणाले, आत्ताच तर तुझा फोन येऊन गेला, या म्हणालीस, विहिरीवरच थेट या म्हणालीस.

मी विचारलं, माझा आवाज होता का.

तुझाच, म्हणाले. पण किती शांत बोललीस पोरी. पहिल्यांदाच मला "बस गं जरा" म्हणावं लागलं नाही. फार बरं वाटलं.

मी ओरडले, बाबा ती मी नाही. ते हॅलो हॅलो करत राहिले. त्यांना ऐकू आलं नाही. रेंज पूर्ण होती.

शनिवार, ३० नोव्हेंबर

आरशात आहे. फिकट, पण आहे.

राजवर्धनला निरोप लिहिला — लेझर बंद करू नका, बाकी काहीही करा, बंद करू नका. त्याचं उत्तर आलं — मॅडम, आत्ताच तर समोर बसून सगळं ठरवलं आपण. तुम्हीच म्हणालात शेवट बाबांच्या हातून. काय झालं?

मी शेडमध्ये नव्हतेच. मी दिवसभर इथे —

खोलीत चटणीचा वास येत नाही. चिखलाचा येतो.

पाय हलवत राहायचं. हात हलवत राहायचं. थांबले की कमी होते. हे मला कळलंय. चालत राहायचं, भिंत, दार, भिंत, दार —

बसस्टँडवर जाऊन बाबांना गाठायचं. उद्या पहिल्याच गाडीला. ते मला ओळखतील. बाकी कुणी नाही, ते ओळखतील.

रविवार, १ डिसेंबर

बसस्टँड नाही. सकाळी दार उघडलं तर पायऱ्या. दगडी. खाली जाणाऱ्या —

गार. वही कोरडी आहे, का ते माहीत नाही. हिरवा उजेड येतो तेवढं दिसतं. तारेतून येतो. तो आला की मी असते.

वर माणसं. खूप. गोल आकाश, त्याच्या कडेने डोकी. राजवर्धनचा आवाज इथवर येतो, त्याचा बरा येतो. सांगतोय, हिरवा जातो, लाल येतो.

ती काठावर. माझा पंजाबी ड्रेस. हात मांडीवर. हलत नाही.

बाबा आले. नवा सदरा. तिने त्यांना तांब्याने पाणी दिलं — विहिरीचं — ते दोन्ही हातांत तांब्या धरून बघत राहिले. मग प्यायले. रडतायत. तिने त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. मीही तेच केलं असतं, तेच —

ओरडले. बाबा. बाबा. जेवढं ओरडता येतं तेवढं.

टाळ्या. राजवर्धन म्हणतोय, बघा बघा, रेघ कशी चढली.

पुन्हा. हात आपटले, पाय आपटले. टाळ्या.

बाबा पडद्याजवळ गेले. विचारतायत, ही रेघ अशी सारखी का नाचते? तिला काही स्वस्थ बसवत नाही का? म्हणाले, आमच्या क्रांतीसारखी —

हो. हो बाबा. मीच. बघा, बघा, हलतेय मी, थांबणार नाही, बघा —

ते तिच्याकडे बघतायत. पुन्हा पडद्याकडे. पुन्हा तिच्याकडे. बघा बाबा, ती किती स्वस्थ —

ती उठली. म्हणतेय, त्याला काही नाही बाबा, पाण्यात गढूळ असलं की असंच होतं. चला, तुमच्या हातून.

बाबांचा हात धरून पेटीकडे. बटण दाखवतेय. सगळे उठून उभे.

बाबा थांबलेत. बोट बटणावर. खाली बघतायत, विहिरीत, माझ्याकडे — दिसतेय मी त्यांना, दिसतेय — ओठ हलतायत, ते म्हणतायत, बस गं ज